‘ग’ कोणाचा

गोदे, मला तुझा राग आलाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही वेडंवाकडं बोलले तर तुला धक्का बसायला नको. गेले पंधरा दिवस जो भेटतो तो मला म्हणतो, तुमची एवढी मैत्री, दोन शब्द बोला ना तिच्याबद्दल. मी मान हलवते आणि पाणी प्यायला आत जाते. चांगलं बोलायला तुझे नातेवाईक खूप होते. तू किती शांत होतीस, किती समजूतदार होतीस, कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाहीस. मी दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते आणि माझं डोकं नुसतं तापत होतं. समजूतदार म्हणे. त्या समजूतदारपणानेच तुझी वाट लावली, हे त्यांना कोणी सांगायचं?

आणि प्रत्येकाच्या तोंडी स्मिता. स्मितावहिनी, स्मिताकाकू, आमची स्मिता. फोटोखाली स्मिता, फोनवर फिरलेल्या बातमीत स्मिता. गोदा नावाची बाई त्या खोलीत कोणाला माहीतच नव्हती. मला माहीत होती. आणि मीसुद्धा तुझ्या जावेच्या गळ्यात पडून, स्मिता अशी कशी गेली हो, असंच म्हटलं. हा राग तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे. पण तो सगळाच्या सगळा मी एकटी घेणार नाही, त्यात तुझाही वाटा आहे.

सोळा वर्षं मलाही तू स्मिताच होतीस. दिंडोशीच्या आपल्या बिल्डिंगमध्ये मी दुसऱ्या मजल्यावर, तू चौथ्या. जिन्यात भेटलो की पाणी आलं का, गॅस आला का, एवढंच. मग मरोळच्या ज्या कारखान्यात मी भरतकामाच्या मशीनवर होते तो बंद पडला, आणि तिथली एक जुनी कॉम्प्युटरवाली मशीन मी घरी आणून हॉलमध्ये लावली. माझ्या नवऱ्याने न बोलता टीव्ही उचलून आत नेला. तिसऱ्या दिवशी तू दारात. चेहरा पाडून म्हणालीस, शैलाताई, राग मानू नका, पण आवाज वरपर्यंत येतो, आमच्या सासऱ्यांना दुपारी झोप लागत नाही. तक्रार करायला पाठवलेली बाई तू, आणि दोन तास माझ्या मशीनसमोर उभी. सुई आपली आपण पान काढते, देठ काढते, धागा बदलायला थांबते, हे तू असं काही बघत होतीस की मलाच लाज वाटली. इतकी वर्षं मी ते न बघता करत होते. जाताना म्हणालीस, दोन ते चार नका लावू, बाकी वरचं मी सांभाळते. दुसऱ्या दिवशी दोन ते चार तू बंद मशीनजवळ बसून माझे गुंतलेले धागे सोडवत होतीस.

पुरचुंडी तुझीच कल्पना. मी ब्लाउजच्या बाह्या आणि शाळेच्या खिशांवरचे बिल्ले काढून काढून कंटाळले होते. तू सांगितलंस, तुमच्याकडे मालवणला आजी ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत वाळा आणि कपूरकचरी फडक्यात बांधून ठेवायची. तशी हाताएवढी पिशवी करू, वर दोरी, आणि पुढे ज्याच्या त्याच्या नावाचं अक्षर. लोकांना स्वतःचं अक्षर दिसलं ना शैले, की लोक वेडे होतात, असं म्हणालीस. तोपर्यंत ‘ताई’ कधीच गळून पडलं होतं. आणि झाले की लोक वेडे. संक्रांतीच्या वाणाला, बारशाला, डोहाळजेवणाला मागणी. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत बायकांच्या कपाटांत आपल्या पुरचुंड्या आहेत. गिऱ्हाइकं पोटली म्हणायची, तुझ्या लेकीने, तन्वीने, फोनवर पेज काढलं तिथे सॅशे लिहिलं, तू शेवटपर्यंत पुरचुंडीच म्हणालीस. पिशवीचं नाव बदलू दिलं नाहीस बरोबर.

मशीनमध्ये इंग्रजी अक्षरं होती, मराठी नव्हती. त्यासाठी एकेका अक्षराचं पंचिंग करून घ्यावं लागतं, म्हणजे सुईने कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, हे कॉम्प्युटरवर टाका टाका आखून घ्यायचं. आपण दोघी मरोळला गेलो. पंचिंगवाले काका म्हणाले, आधी नमुन्याला एक अक्षर करतो, कुठलं करू? मी श्री म्हणणार होते. तू माझ्याआधी बोललीस, ग करा. मी विचारलं, गणपतीचा?

“नाही गं,” तू म्हणालीस, “माझा.”

काकांनी ग काढला आणि वरची रेघ द्यायचीच विसरले. फडक्यावर एक आकडा आणि शेजारी एक काठी, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तू इतकी हसलीस की काका ओशाळले. येताना रिक्षात तू मला सांगितलंस. जन्माचं नाव गोदावरी, आजीचं ठेवलेलं, शाळेत गोदा. लग्नात ताटात तांदूळ पसरले, भावोजींनी, तुझ्या नवऱ्याने, अंगठीने नाव लिहिलं, जोडाक्षर काढताना अंगठी अडखळली, आणि तू वाकून वाचलंस तर स्मिता. आधी कोणी विचारलं नव्हतं की सांगितलंही नव्हतं. म्हणालीस, मला पहिल्यांदा वाटलं, ही कोण? हेसुद्धा तू हसतच सांगितलंस. मग माझा हात दाबून म्हणालीस, घरी कुणाला बोलू नकोस हां, उगाच विषय नको. तन्वीलाही माहीत नव्हतं. माहेरी तुला सगळे बायच म्हणायचे, कागदपत्रं सगळी स्मिताची, शाळेचा दाखला ट्रंकेच्या तळाशी. पोटच्या पोरीला आईचं नाव माहीत नाही आणि तू रिक्षात बसून हसतेस.

त्या दिवसापासून मी तुला गोदा म्हणायला लागले. दार बंद असेल तेव्हा. बेल वाजली की स्मिता. तू शिकवलंस आणि मी शिकले.

माझं नाव कोणी बदललं नाही. माझ्या नवऱ्याला तेवढाही उत्साह नव्हता. त्यामुळे तुला मी शहाणपण शिकवायला मोकळी, असं तू एकदा ऐकवलंही होतंस, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

भांडणं आपली रोजची. सगळ्यात जास्त नेफ्यावरून. अक्षर आधी सपाट कापडावर काढायचं, खाली पेपर लावून कापड फ्रेममध्ये घट्ट ताणायचं, आणि अक्षर झालं की मग पिशवी शिवायची. पिशवी आधी शिवली तर सुई पुढचं आणि मागचं कापड एकत्र टाचून टाकते. हे तू पहिल्या आठवड्यात शिकलीस. पण अक्षर बसवायचं कुठे, हे तुला शेवटपर्यंत जमलं नाही, असं मी धरून चालले होते. तू कापडाच्या बरोब्बर मध्यावर खूण करायचीस. मी ओरडायचे, अगं वर नेफा दुमडणार आहे, त्यातून दोरी जाणार आहे, दोरी ओढली की वरचं कापड चुण्यांत जाणार, खूण खाली घे. तू हो हो म्हणायचीस आणि परत मध्यावर. कितीतरी पुरचुंड्या अशा गेल्या की दोरी आवळली की अक्षराचा वरचा भाग चुण्यांत गडप. गिऱ्हाइकांना चालायचं, मला चालायचं नाही. तुझं ठरलेलं उत्तर, उघडल्यावर दिसतंच ना. ह्या वाक्याला मी किती शिव्या घातल्यात त्याची गणती नाही.

सगळी वर्षं काही भांडणातच गेली नाहीत, ते पण लिहिते, नाहीतर म्हणशील शैला कृतघ्न आहे. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर मशीन तू चालवलीस. मी आतल्या खोलीत काळा चष्मा लावून पडलेली, आणि मशीनच्या आवाजावरून ओरडायची की धागा तुटला, बॉबिन संपली. तू संध्याकाळी दिवसभरातली कामं माझ्या हातात द्यायचीस. बोटांनी वाच, म्हणायचीस. मी टाक्यांवरून बोट फिरवून अक्षर ओळखायचे, क, म, प. चुकले की तू खूश. त्या महिन्यात मला एकदाही वाटलं नाही की आपलं आता कसं होणार. तू होतीस ना. मी तुला तेव्हा थँक्यू म्हटलं नाही, कारण तू म्हणू दिलं नसतंस आणि मला जमलंही नसतं. आता म्हणते. ऐकायला कोणी नाही, तरी म्हणते.

मग ह्या लग्नसराईत त्या बोरिवलीच्या बाई आल्या. मुलाचं लग्न, पाहुण्या बायकांना द्यायला एक्कावन्न पुरचुंड्या हव्या, नव्या सुनेच्या अक्षराच्या. सुनेचं नाव ऋतुजा. तू वहीत ऋ लिहिलंस. बाई म्हणाल्या, ऋ नको, अ घाला, आम्ही अन्विता ठेवणार आहोत. मुलीला अजून सांगितलेलं नाही, सरप्राइज आहे. त्या कौतुकाने हसत होत्या. तू मान खाली घालून ऋ वर काट मारलीस आणि शेजारी अ लिहिलंस. मी मनात म्हटलं, झालं, आली समजूतदार बाई.

त्याच आठवड्यात मी चार दिवस घाटकोपरला बहिणीकडे गेले. परत आले तर एक्कावन्न पुरचुंड्या टेबलावर ओळीने मांडलेल्या, आणि एकूण एक पुरचुंडीवर ऋ. ऋ चं पंचिंग आपल्याकडे नव्हतंच. एवढं किचकट अक्षर कोण करून घेतंय? म्हणजे तू एकटी मरोळला जाऊन ते मुद्दाम करून आणलंस. मी दोऱ्या ओढून बघितल्या. एकाही पिशवीत अक्षर चुण्यांत गेलं नव्हतं. सगळ्यांची खूण बरोब्बर खाली घेतलेली.

बाई आल्या, त्यांनी बघितलं, आधी पांढऱ्या पडल्या आणि मग लाल. तू हात जोडलेस. चुकलं हो माझ्याकडून, वहीत बघायला विसरले. त्यांनी माझ्या हॉलमध्ये उभं राहून तुला जे जे सुनावलं ते तू सगळं ऐकून घेतलंस. मी दोन दिवसांत अ च्या करून दिल्या. ऋ वाल्याही तू त्यांच्याच पिशवीत भरून दिल्यास, म्हणालीस, आमच्या काय कामाच्या, त्या मुलीच्याच आहेत. पुढे त्यांचं काय झालं, ती मुलगी ऋतुजा राहिली की अन्विता झाली, मला माहीत नाही.

बाई गेल्यावर मी विचारलं, गोदे, ही चूक होती? तू म्हणालीस, मग काय, मुद्दाम करीन होय? आणि धाग्याची रिळं लावायला लागलीस. तुझा चेहरा मी बघितला. इतकी खूश मी तुला क्वचितच बघितली असेन. आणि तिथेच माझं टाळकं सटकलं. एका परक्या मुलीसाठी तू एकटी मरोळ गाठतेस, चार दिवस राबतेस, वर शिव्या खातेस. स्वतःसाठी दोन मजले चढून एक वाक्य बोलायचं, तर तुझ्या जिभेला काय होतं गं?

महिनाभर मी गप्प बसले. माझ्यासाठी महिना म्हणजे फार झालं. मग एक दिवस तू यायच्या आधी मी पांढऱ्या सुती कापडावर मरून धाग्याने ग काढला, पिशवी शिवली, वाळा भरला, आणि तू चहाचा कप खाली ठेवलास तशी ती पुरचुंडी तुझ्यापुढे धरली. म्हटलं, घे, वर ने, कपाटात ठेव, आणि कोणी विचारलं ग कोणाचा, तर सांग माझा. तू हात मागे घेतलास. मग मी जे बोलायला नको ते बोलले. तू भित्री आहेस, म्हटलं. तुला त्या घरात कोणी ओळखत नाही आणि तुला ते चालतं. आणि मग हे म्हटलं:

“उद्या मेलीस ना गोदे, तर पिंडसुद्धा दुसऱ्याच बाईच्या नावाने ठेवतील.”

तू खूप चिडलीस की मालवणीत जायचीस. त्या दिवशी गेलीस.

“सासून ठरवल्यान, ह्येंनी लिवल्यानी, आता तू ठरवतलंस? माझा अक्षर मी ठरवतलंय. ठरला काय सांगतंय तुका.”

पर्स उचललीस आणि गेलीस. मला चौदा उत्तरं सुचली ती तू जिना चढून गेल्यावर, आणि त्यातलं एकही बरोबर नव्हतं. मी रागाच्या भरात ती पुरचुंडी उसवली, कापड कतरणीच्या पिशवीत टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेली.

त्याच दिवशी दुपारी तू नेहमीसारखी आलीस. जसं काही झालंच नाही. पुढचे आठ दिवस आपण सगळं बोललो. हिरवा धागा संपतोय, तन्वीला कुर्ल्याच्या ऑफिसातून दुसरीकडे टाकतायत, खालच्या मजल्यावरची कुत्री व्यायली. त्या एका गोष्टीवर तू बोलली नाहीस. मी वाट बघत होते. म्हटलं होतंस ना, ठरलं की सांगेन. माफी मागायचंही माझ्या मनात होतं, पण म्हटलं आधी हिला सांगू दे, मग मागू. नवव्या दिवशी सकाळी तन्वीचा फोन आला. भाजी चिरता चिरता तू खाली बसलीस, ती बसलीसच.

सांगेन म्हणालीस. मग सांगायचं ना.

आणि पिंड ठेवला तो स्मिताच्या नावाने. गुरुजींनी नाव विचारलं, भावोजींनी सांगितलं. मी तिथे नव्हते, मला तन्वीने नंतर सहज सांगितलं, गुरुजींना नाव नीट ऐकू आलं नाही म्हणून बाबांना दोनदा सांगावं लागलं. मी तव्यावरची पोळी तशीच टाकून गॅस बंद केला. माझं बोलणं असं अक्षरशः खरं करून दाखवायची काही गरज नव्हती.

ह्यातली खरी पंचाईत पुढेच होती. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तन्वी खाली आली. डोळे सुजलेले, पण काम घेऊन आली होती, तुझीच मुलगी. म्हणाली, मावशी, तेराव्याला येतील त्या सगळ्यांना आईची सॅशे द्यायची आहे, आईचंच काम, आईच्याच नावाने. पन्नासेक लागतील. एस घालशील का? की मराठीत स्मि चांगलं दिसेल? मी कापडाचा तागा उलगडत होते. ती हात पुढे करून कापडाचं दुसरं टोक धरून उभी होती. मला ते काही सहन झालं नाही. मी सांगून टाकलं.

तिला आधी वाटलं मी भ्रमिष्ट झालेय. मग ती खाली बसली. आईने मला का नाही सांगितलं, हे तिने तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी मी खेकसले, तिलाच विचार. मग माझी मलाच लाज वाटली. सव्वीस वर्षांची पोरगी माझ्या मशीनच्या स्टुलावर बसून गोदा, गोदा असं हळू म्हणून बघत होती. मग उठली आणि वर गेली.

अर्ध्या तासाने भावोजी आले, मागे तन्वी. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्या घरात आत येऊन बसले. मशीनकडे बघत बोलत होते. त्यांच्या काकूचं नाव गोदा होतं. एका घरात दोन गोदा, एकीला हाक मारली की दोघी वळतील, म्हणून आई म्हणाली बदलू, मी म्हटलं बदलू. स्मिता हे नाव तेव्हा बऱ्याच जणींचं असायचं. बस, एवढंच कारण. मी विचारलं, काकू तुमच्याकडे राहायच्या? नाही, म्हणाले, गावाला असायची, लग्नानंतर दोन वर्षांत गेली. मी म्हटलं, मग? ती गेल्यावर तरी गोदा म्हणायला काय हरकत होती?

“सुचलंच नाही हो,” म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते, हेच तर वाईट. राक्षस असते तर मला बरं वाटलं असतं, मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. हा माणूस तुझ्या औषधांच्या वेळा सांभाळायचा, तुला पावभाजी आवडते म्हणून शनिवारी आणायचा. तुला त्याने छळलं नाही. त्याला फक्त सुचलं नाही. आणि तू एकोणतीस वर्षं त्याच्या शेजारी बसून त्याला सुचवलं नाहीस. उठताना म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते अक्षर घाला, ताई. तांदळात जितक्या सहज लिहिलं होतं, तितक्याच सहज ते माझ्या गळ्यात टाकून गेले.

तेराव्याला दोन दिवस होते. माझ्यासमोर दोन अक्षरं. एक ग, जो तू माझ्या हातातून घेतला नव्हतास. एक स्मि, ज्याबद्दल तू चारचौघांत कधी कुरकुर केली नाहीस. मला वाटलं होतं मी डोळे मिटून ग घालीन. पण कापड फ्रेमला लावलं आणि हात थांबले. मला तुझं बोलणं ऐकू येत होतं. आता तू ठरवतलंस? आणि दुसरंही एक मनात आलं. एकोणतीस वर्षं काही कमी नसतात. तन्वीची आई स्मिता होती. शनिवारी पावभाजी खाणारी स्मिता होती. कोण जाणे, तुला ती थोडी आवडायलाही लागली असेल. तू ठरवायला वेळ घेत होतीस तो त्यासाठी असेल. हे मी तुला कधी विचारलंच नाही, मी नुसती ओरडले. उरलेला सगळा दिवस मी मशीन लावली नाही. नवरा दोनदा येऊन बघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तन्वी रजा टाकून आली. काही विचारलं नाही, वाळा निवडायला बसली. मी तिला म्हटलं, तू सांग, कुठलं घालू. ती म्हणाली, मावशी, मला तर कालपर्यंत तिचं नावच माहीत नव्हतं, मी काय सांगू? मग मी ग लावला. मध्यापासून चांगली दोन बोटं खाली. आधी आकडा निघतो, मग सुई उचलून पलीकडे जाते आणि काठी काढते, मध्ये एक धागा लोंबकळत राहतो तो कात्रीने कापायचा, शेवटी वर रेघ. पन्नास वेळा. तन्वी भरत होती, मी दोऱ्या ओवत होते. एकही चुण्यांत गेला नाही. मी चोरी करत्येय असं वाटत होतं, आणि चोरीचा माल तुझाच होता.

तेराव्याला जेवणं झाली, तन्वी ताट घेऊन सगळ्यांना पुरचुंड्या वाटायला लागली. मी भिंतीला टेकून उभी. तुझ्या जावेने पिशवी उलटसुलट केली, वास घेतला, आणि मोठ्याने विचारलं, “हा ग कोणाचा?” सगळे बघायला लागले. एवढी तोंडाळ मी, आणि आवाज फुटला नाही. बोलले ते भावोजी.

“तिचा. तिचं नाव गोदा.”

जाऊ म्हणाली, हो का? छान आहे नाव. मग तिने शेजारणीला विचारलं, ह्याने कपाटात कसर लागत नाही ना? शेजारीण म्हणाली नाही लागत. कोणीतरी जिलबीचं ताट इकडे द्या म्हणालं. तुझ्या नणंदेने पिशवी पर्समध्ये टाकली आणि गाडी कुठे लावलीय ते विचारत उठली. एकही माणूस चिडला नाही, हसला नाही, विषय झाला नाही. तू ज्या विषयाला आयुष्यभर घाबरलीस तो एका वाक्यात आला आणि जिलबीबरोबर संपला.

एवढंच होतं गं, गोदे. एवढंच होतं. मला बरं वाटायला हवं होतं, आणि मी तुमच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. दुःखाने नाही, संतापाने. हे तू पंचविशीत करू शकली असतीस, तन्वी झाली तेव्हा, काकू गेली तेव्हा, मागच्या महिन्यात माझ्या हातातून पिशवी घेऊन करू शकली असतीस. भावोजींच्या तोंडून ‘तिचं नाव गोदा’ हे मी ऐकलं. ते ऐकायला तू हवी होतीस.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय, ते देते. हो, मी ठरवलं. आधी सासूने, मग नवऱ्याने, आणि तिसरी मी. अक्षर कदाचित बरोबर निघालं असेल, पण ते तू सांगितलेलं नाही, आणि हे पन्नास जणींच्या कपाटांतल्या पन्नास पिशव्यांपैकी एकीलाही ठाऊक नाही. फक्त मला ठाऊक आहे. ठरवायचं काम तुझं होतं, गोदे, आणि ते आम्ही तुझ्यावाचून उरकलं.